ओबीएस स्टुडिओ: धुरकट गेमप्ले व्हिडिओ शेवटी स्वच्छ झाला, पण सेटिंग समजून घेतल्यावरच

गेले आठेक महिने मी ओबीएस स्टुडिओ वापरतेय, म्हणजे स्क्रीनवरचा गेम रेकॉर्ड करायचं किंवा लाइव्ह स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर. हा रिव्ह्यू खास त्यांच्यासाठी ज्यांचा गेम स्क्रीनवर एकदम काचेसारखा दिसतो आणि रेकॉर्डिंग उघडलं की चष्म्यावर वाफ धरल्यासारखं सगळं धुरकट. माझं अगदी हेच होत होतं, रेसिंग गेम खेळते मी, गाडी उभी असली की बोनेटवरचे स्टिकरसुद्धा वाचता येतात आणि गाडी सुटली की रस्त्याकडेच्या गवताचा हिरवा लगदा. ग्राफिक्स कार्ड बदलावं लागणार असं मी धरूनच चालले होते. नाही बदललं, त्याच मशीनवर आता व्हिडिओ छान येतोय.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१२ पासून आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, व्हिडिओवर कुठला वॉटरमार्क येत नाही की वेळेची मर्यादा नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

पहिल्यांदा हे बघा की ब्लर कधी दिसतो. गेमच्या मेनूमध्ये, काहीच हलत नसताना अक्षरं स्वच्छ आहेत आणि हालचाल सुरू झाली की ठोकळे पडतात, तर बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला मिळणारा डेटा, कमी पडतोय. मेनूची अक्षरं सुद्धा पुसट आहेत तर चित्र कुठेतरी लहानमोठं केलं जातंय, म्हणजे स्केलिंग. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना लोक ब्लरच म्हणतात, त्यामुळं एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतो आपण. मी दोन आठवडे स्केलिंगचे फिल्टर बदलत बसले होते, आणि माझं खरं दुखणं बिटरेटचं होतं!

आता बिटरेटचा हिशोब, कारण हा एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप कळतं. १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर सेकंदाला साडेबारा कोटीच्या जवळ पिक्सेल झाले. माझ्या सेटिंगमध्ये बिटरेट होता २५०० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५ लाख बिट. जवळजवळ ५० पिक्सेलमागे एक बिट! यात गवताची पाती कुठून दिसणार. मेनू स्वच्छ दिसतो कारण एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) न बदललेला भाग मागच्या फ्रेममधूनच उचलतो, त्याला फारसे बिट लागत नाहीत. पण गाडी पळायला लागली की अख्खी स्क्रीन दर फ्रेमला नवीन, आणि गवत, पाऊस, धूर, ठिणग्या हे तर बिटरेट खाणारे राक्षस आहेत.

स्ट्रीमिंगला बिटरेट हवा तेवढा वाढवता येत नाही, एकतर आपलं अपलोड स्पीड आणि दुसरं प्लॅटफॉर्मची मर्यादा. ट्विच या गेम स्ट्रीमिंगच्या साइटवर १०८०पी ६० (सेकंदाला ६० फ्रेम) साठी ६००० केबीपीएस सुचवलेलं असतं, त्यातही हिशोब एका बिटमागे २१ पिक्सेलच्या आसपास जातो. शांत गेमला हे पुरतं, रेसिंग आणि शूटिंगला नाही पुरत. मग मी आउटपुट ७२०पी ६० केलं, बिटरेट तोच ६०००, आणि एका बिटमागे ९ पिक्सेल उरले. रेझोल्यूशन कमी केल्यावर व्हिडिओ जास्त स्वच्छ दिसतो हे ऐकायला उलटं वाटतं पण हलत्या चित्रात खरंच फरक पडतो, मी एकच लॅप दोन्ही सेटिंगवर घेऊन शेजारी शेजारी लावून बघितला. १०८०पी पाटी मिरवायला चांगली आहे, बघणाऱ्याला गवत दिसायला हवं.

रेकॉर्डिंगचं प्रकरण पूर्ण वेगळं. तिथे इंटरनेट मध्ये येतच नाही, फाईल आपल्याच डिस्कवर जाते, मग बिटरेट बांधून ठेवायचं कारणच काय? माझ्याकडे रेकॉर्डिंग क्वालिटीला 'सेम ॲज स्ट्रीम' होतं, म्हणजे स्ट्रीमची सगळी उपासमार रेकॉर्डिंगलाही! आउटपुट सेटिंगच्या सिंपल मोडमध्ये राहायचं असेल तर ते बदलून 'हाय क्वालिटी' करा, एवढ्यानेच निम्मं काम होतं. ॲडव्हान्स्ड मोडमध्ये रेट कंट्रोल सीबीआर (कायम एकच बिटरेट) सोडून सीक्यूपी घ्या आणि आकडा १८ ते २० ठेवा, आकडा जितका लहान तितकी क्वालिटी वर आणि फाईल मोठी. सीक्यूपीमध्ये आपण क्वालिटी सांगतो आणि बिट किती लागतील ते एन्कोडर ठरवतो, शांत सीनला कमी, धूमधडाक्याला जास्त. डिस्कवर जागा मात्र ठेवा, सरासरी ४० एमबीपीएसला गेलं तर २० मिनिटांची फाईल ६ जीबी होते.

स्केलिंगचं सांगायचं तर व्हिडिओ सेटिंगमध्ये दोन रेझोल्यूशन असतात, बेस (म्हणजे ओबीएसचा कॅनव्हास) आणि आउटपुट. बेस मॉनिटरएवढा ठेवायचा, आणि रेकॉर्डिंग करताना आउटपुटही तेवढाच. ऑटो कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला असेल तर त्याने आउटपुट खाली आणलेला असू शकतो, एकदा बघून घ्या. लहान करायचंच असेल तर खालचा फिल्टर लँझोस करा. बायलिनिअरच्या पुढे तर तिथेच लिहिलेलं असतं की सगळ्यात फास्ट पण स्केल केलं की ब्लर, तरी लोक ते निवडतात. माझ्या भावाचं प्रकरण अजून मजेशीर निघालं, तो गेम १६०० बाय ९०० वर चालवत होता, ते ओढून १०८०पीच्या कॅनव्हासवर पसरवलेलं आणि तिथून परत ७२०पी, दोनदा स्केल झाल्यावर काय राहणार. गेमचंच रेझोल्यूशन कॅनव्हासएवढं केलं आणि प्रश्न मिटला. आणि हो, ओबीएसचा प्रिव्ह्यू बघून निर्णय घेऊ नका, तो खिडकीत बसवायला लहान केलेला असतो, फाईल उघडून फुल स्क्रीनवर बघा.

एन्कोडर: एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याचाच एन्कोडर, एनव्हेंक, घ्या. त्याचा कार्डावर वेगळा भाग असतो त्यामुळं गेमवर फार भार येत नाही, आणि २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून त्याची क्वालिटी बरीच सुधारली. एएमडी आणि इंटेलचेही आपापले आहेत. एक्स२६४ हा एन्कोडर प्रोसेसरवर चालतो, प्रीसेट जितका स्लो तितकं चित्र चांगलं पण त्याच प्रोसेसरवर गेमही चालत असतो हे विसरू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टॅट्सची खिडकी. व्हिडिओ अडखळत असेल तर रेंडरिंगमुळं (कार्डाने चित्र तयार करणं), एन्कोडिंगमुळं की नेटवर्कमुळं, तिन्हींचे आकडे वेगवेगळे दाखवते, अंदाज बांधायची गरजच नाही. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर गेमचा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लॉक करा, कार्ड १०० टक्के भरलेलं असलं की ओबीएसला चित्र जुळवायला जागाच उरत नाही. नेटवर्कचा आकडा वाढत असेल तर उलट बिटरेट कमी करा. गेममधला मोशन ब्लर आणि फिल्म ग्रेन मी बंदच ठेवते, ग्रेन म्हणजे दर फ्रेमला नवी धूळ आणि त्यावर बिट वाया.

तक्रार एकच, काळ्यावर लाल अक्षरं अजून कडेला पसरतात. एनव्ही१२ या रंगाच्या फॉरमॅटमध्ये रंगाची माहिती चित्राच्या निम्म्या लांबी आणि निम्म्या रुंदीत साठवली जाते म्हणून ते होतं. रंगाची पूर्ण माहिती ठेवणारं आय४४४ घेता येतं पण सगळीकडे चालत नाही, मी माझ्या ओव्हरलेचा (व्हिडिओवर येणाऱ्या अक्षरांचा) रंगच बदलून पांढरा केला.

युट्यूबवर टाकून धुरकट दिसत असेल तर आधी थोडं थांबा, सुरुवातीला कमी रेझोल्यूशनच तयार झालेलं असतं, एचडी नंतर येतं. तरी समाधान नसेल तर १४४०पी करून टाकून बघा, युट्यूब १०८०पी ६० ला १२ एमबीपीएस अपलोड सुचवतं आणि १४४०पी ६० ला २४. मी १०८०पीचंच रेकॉर्डिंग एडिटरमध्ये मोठं करून टाकते, झाडंझुडपं लगेच सुधारतात.

पावसातला रात्रीचा ट्रॅक मात्र लाइव्ह स्ट्रीमवर अजूनही फुटतो, ७२०पीला आणूनसुद्धा. तो ६००० मध्ये बसतच नाही. तेवढा ट्रॅक मी आता लाइव्ह दाखवत नाही, सीक्यूपीवर रेकॉर्ड करून नंतर टाकते.