केस पाठवा, ॲलर्जी कळवतो: माझे २६,१२८ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. सव्वीस हजार एकशे अठ्ठावीस रुपये, कुत्र्याच्या केसांवरून ॲलर्जी सांगणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडून काढले. आणि कुत्र्याला झालं काय होतं? लूत, म्हणजे कुत्र्याची खरूज. माझ्या आजीने अंगणाच्या या टोकावरून ओळखली असती.

बंड्या आमचा गावठी कुत्रा, चार वर्षांचा. जुलैत खाजवायला लागला. आधी कान, मग कोपरं, मग पोट. रात्रभर मागच्या पायाची फरशीवर टकटक. ‘डॉक्टरकडे का नाही नेलं’ असं विचारणाऱ्यांनी ऐका, नेलं होतं. रविवारची गर्दी, तीन मिनिटांत एक इंजेक्शन, आठ दिवस आराम आणि नवव्या दिवशी दुप्पट खाज. त्यानंतर माणूस मोबाईलच हातात घेणार ना? ‘नुसती औषधं नकोत, मूळ कारण शोधा’ अशी त्या कंपनीची जाहिरात दिसली. मला नेमकं तेच हवं होतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. केसांची तपासणी ४,४९९. दहा दिवसांनी बावीस पानी रंगीत अहवाल. मग ‘तज्ज्ञांचा सल्ला’ १,९९९. त्यांच्याच खास खाण्याच्या दोन पिशव्या, ५,८५० प्रमाणे ११,७००. थेंबांच्या तीन बाटल्या ६,७५०. शॅम्पू १,१८०. एकदम सव्वीस हजार मागितले असते तर मी फोन आपटला असता. पण प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढं केलंच आहे तर.

मी अडाणी नाही हो. बावीस वर्षं सहकारी बँकेत कर्जखात्याला काढली, लोकांचे सातबारे उजेडात धरधरून पाहिले. आणि इथे? अर्जात विचारलं होतं, सध्या खायला काय देता. मी लिहिलं: चिकन, भात, दही, पोळी, अंडं. अहवालात सगळ्यात वर लाल रंगात काय? चिकन, तांदूळ, दूध, गहू, अंडं. कुडमुड्या जोशीसुद्धा याहून जास्त मेहनत घेतो.

तेही सोडा. मला झोपू देत नाही ती ऑगस्टमधली एक रात्र. जेवताना बायकोने हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला बारीक लाल पुटकुळ्या. बंड्या रोज संध्याकाळी तिथेच डोकं टेकून बसायचा. ती म्हणाली, “अहो, मलाही खाजतंय. याचंच काही लागलं नसेल ना?” मी काय म्हणालो असेन? “ॲलर्जी लागत नसते.” मोठ्या शहाणपणाने. वाक्य शंभर टक्के बरोबर होतं! त्याच्यापुढे एकच पायरी होती: लागलंय, म्हणजे ही ॲलर्जी नाही. ती पायरी मी चढलो नाही. उलट कंपनीच्या मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली, “सर, मॅडमचीपण टेस्ट करून घेऊ या.” तरी डोक्यात उजेड पडला नाही. मी हसलो, आणि थेंबांची तिसरी बाटली मागवली. २,२५० रुपये.

सप्टेंबरात दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, “घरात कुणाला खाजतंय का?” मग त्यांनी बंड्याच्या कानाची कड चिमटीत धरून चोळली. लगेच त्याचा मागचा पाय हवेत चालू. कातडी खरवडून स्लाइडवर पाहिली, काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, खरजेचे किडे कातडीच्या आत असतात आणि थोडे असतात, दर वेळी खरवडीत येत नाहीत. लक्षणं दिसताहेत, औषध देऊन बघू. तपासणीचे ७००, दोन गोळ्या २,९००. एक तेव्हा, एक महिन्याने. अंथरूण गरम पाण्यात धुतलं. तीन आठवड्यांत टकटक थांबली. बायकोचा हात तर काहीही न लावता बरा झाला.

कुत्रं खाजवत असेल तर आधी पिसवा बघा. बारीक कंगव्याने विंचरून निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबडा डाग फुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे रक्त. खाण्याची ॲलर्जी केसांत दिसत नाही. ती शोधायला कुत्र्याला किमान आठ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेलं एकच खाणं द्यायचं, खाज गेली तर जुनं खाणं परत देऊन बघायचं. कंटाळवाणं आहे, म्हणून तर यांचं दुकान चालतं. २०१९ साली परदेशातल्या पशुवैद्यांनी केस आणि लाळेच्या अशा तपासणीला खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर नकली केस आणि लाळेऐवजी मिठाचं पाणी पाठवलं होतं. त्या नकली नमुन्यांनाही ॲलर्जी निघाली. हे मी पैसे गेल्यावर वाचलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, “कुत्र्याच्या खाजेचा गुन्हा कुठल्या कलमात बसवू?” बाकावरचे दोघं हसले. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः भरलेत, अहवालही मिळालाय, मग फसवणूक कसली? पशुवैद्यांची नोंदणी जिथे होते तिथे पत्र टाकलं. उत्तर आलं, तो ‘तज्ज्ञ’ आमच्याकडे नोंदलेलाच नाही, सबब कार्यवाही आमच्या कक्षेत नाही. अहो, नोंदलेला नाही हीच तर माझी तक्रार आहे! पत्राची पोच आणायला अर्धा दिवस, सही चुकली म्हणून पुन्हा अर्धा दिवस, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणून तिसरा. कुत्र्याला नाव विचारत नाहीत, पण माझा आधार नंबर चार ठिकाणी मागितला. पैसे देण्याआधी समोरच्याचा नोंदणी क्रमांक मागा. टोलवाटोलवी सुरू झाली की डॉक्टर नाही समजा.

शेवटी ग्राहक आयोगाकडे वळलो. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. कारकुनाने पुरावे मागितले. पावत्या होत्या. कंपनीशी झालेलं चॅट नव्हतं. बायकोला आकडे दिसू नयेत म्हणून प्रत्येक ऑर्डरनंतर मीच ते पुसत होतो.