बंद पडलेला ॲम्प्लिफायर: सेवा केंद्र की महाराणी रोडचा कारागीर?

सॉकेटमध्ये वीज आहे, वायरही शाबूत आहे, तरी बटण दाबल्यावर ॲम्प्लिफायरचा दिवा लागत नाही, असे धरून चालतो. अशा वेळी इंदूरमध्ये दोन मार्ग उरतात: कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, किंवा महाराणी रोडच्या परिसरातील स्वतंत्र कारागीर. मी दोन्हीकडे गेलो आहे.

वॉरंटी शिल्लक असेल तर यंत्र दुसरीकडे उघडूच नये. एचडीएमआय (टीव्हीला जोडण्याची डिजिटल सोय) असलेल्या नव्या रिसीव्हरसाठीही सेवा केंद्रच बहुधा योग्य, कारण त्यातील डिजिटल बोर्ड बाहेर सहसा मिळत नाहीत. पण रामबागेतल्या आमच्यासारख्या घरांत नाट्यपदांसाठी जपलेला जुना स्टिरिओ घेऊन गेल्यावर मला एक गोष्ट फार खटकली. पॉवर बोर्ड बदलावा लागेल आणि तो आता येत नाही, एवढेच उत्तर मिळाले; आतला फ्यूज उडालेला होता, पण तो कशामुळे उडाला, हे कोणी सांगेना. वास्तविक खरा प्रश्न तोच असतो. फ्यूज विनाकारण क्वचितच उडतो. त्यामागे बहुधा शॉर्ट झालेला रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) किंवा स्पीकरला वीज पुरवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर असतो, आणि तो न शोधता जास्त अँपिअरचा फ्यूज बसवला तर ट्रान्सफॉर्मरच जळण्याचा धोका असतो.

कारागिराने माझ्यासमोर झाकण उघडले. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो, म्हणून त्याने तो आधी रेझिस्टर लावून उतरवला. मग मूळ क्षमतेचा फ्यूज बसवून यंत्र 100 वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच यंत्रात जाईल असे, जोडले; आत शॉर्ट असला तर जास्तीचा प्रवाह बल्ब अडवतो आणि स्वतः पेटतो. (एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.) बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला, म्हणजे आत शॉर्ट होता. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (पुढे वीज देणाऱ्या बाजूच्या) वायरी सोडवताच तो विझत आला, तेव्हा ट्रान्सफॉर्मर निर्दोष ठरला आणि मल्टिमीटरने तपासल्यावर ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट झालेला सापडला. तेवढा एकच भाग बदलावा लागला.

कारागिराकडे लेखी हमी सहसा मिळत नाही, दिलेली तारीखही पुढे सरकू शकते, आणि बाजारात नकली ट्रान्झिस्टर असतात, हे मान्य करायलाच हवे. तरीही वॉरंटी संपलेल्या साध्या स्टिरिओसाठी मी तरी पुन्हा तिकडेच जाईन. जाणाऱ्यांनी सिरीज बल्ब लावून तपासता का, हे आधी विचारावे, काढलेला भाग परत मागावा, आणि बसवलेल्या फ्यूजवरचा आकडा यंत्रावर छापलेल्या आकड्याशी जुळतो का, हे झाकण लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.