माल्टातील समुद्री खेळ : ठाण्यातील एका पर्यटन संस्थेचा अनुभव

नौपाड्यातील एका लहान पर्यटन संस्थेमार्फत आम्ही सप्टेंबरमध्ये माल्टाला जाऊन आलो. पोहणे तरणतलावापुरतेच ठाऊक असलेल्या आमच्या कुटुंबासाठी पहिला दिवस मेल्लिहाच्या उथळ, वाळूच्या किनाऱ्यावर ठेवण्याचा त्यांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

सहलीचा खरा ठेवा म्हणजे गोझो बेटावरील द्वेज्रा. तेथील प्रसिद्ध दगडी कमान मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, परंतु शेजारच्या ‘ब्लू होल’ या खडकातील खोल नैसर्गिक डोहात स्नॉर्केलिंग (श्वासनळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली पाहत पोहणे) करताना, गढूळ खाडी पाहत वाढलेल्या आम्हा ठाणेकरांना पाण्याचा नितळपणा अक्षरशः थक्क करून गेला. माल्टात बारमाही नदी नाही, त्यामुळे समुद्रात गाळ फारसा येत नाही, आणि भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीही अगदी थोडी असते, हे आमच्या मार्गदर्शकाने सुंदर समजावले.

कोमिनो बेटावरील ‘ब्लू लगून’ या उथळ, निळ्या पाण्याच्या जागी मात्र ऐन दुपारच्या गर्दीत नेले, तेथे सकाळीच पोहोचायला हवे होते. त्याहून गंभीर त्रुटी म्हणजे खडकाळ किनाऱ्यांसाठी रबरी तळव्यांची पादत्राणे आणण्याची सूचना संस्थेने दिली नाही आणि माझ्या मुलीच्या तळपायात समुद्री साळिंदराचे (सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचे) काटे रुतले. ही सूचना त्यांनी माहितीपत्रकात छापावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.