रोजचा विषय, रोजचा फोटो की कादंबरीचं पान?

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला दिवसाकाठी तास-सव्वा तास मिळतो, तोही घरात पाहुणे नसले तर. हा तास कशाला द्यावा, असं अलीकडे दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी चारही वाटा चालून बघितल्यात. वर्षभर रोज दिलेल्या विषयावर लिहिलं, एक अख्खा एप्रिल रोज कविता केली, दोन वर्षं रोज एक फोटो काढला, आणि सहा वर्षं रखडलेली एक कादंबरी आता कुठं चालायला लागलीय. बेळगावच्या शहापुरात राहतो, एका सोसायटीत कारकुनी करतो. माझं गणित तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

रोजच्या विषयाचे फोनवरचे लेखनग्रुप कसे चालतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सातला विषय पडतो, रात्री नऊपर्यंत मुदत. सोमवारी चारोळी, मंगळवारी अलक (अति लघु कथा), गुरुवारी शतशब्दकथा, शनिवारी चित्रकाव्य. चित्र कुठून उचललेलं असतं कोण जाणे. बाहेर श्रावणाची झड लागलेली आणि मी लाल पानांच्या कुठल्यातरी परदेशी झाडावर बारा ओळी जुळवतोय, असंही झालं. त्यात 'सर्वोत्कृष्ट' आलो. ते प्रमाणपत्र अजून फोनमध्ये आहे, सोनेरी वेलबुट्टी, दोन मोर आणि मधोमध चुकीच्या आडनावाचा मी.

तरी खोटं कशाला बोलू, हात मोकळा झाला. पहिलं वाक्य सुचेना म्हणून पेन चावत बसायची माझी खोड त्या वर्षात गेली. शंभर शब्दांत बसवायचं म्हटलं की कुठलं विशेषण पोट भरायला आलंय ते लगेच कळतं. ज्याला अजून 'लिहू की नको' वाटतं, त्यानं तीन महिने असा ग्रुप जरूर धरावा.

मोठं आव्हान म्हणजे नोव्हेंबरातली कादंबरी. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या एकवीस जणांनी ही टूम काढली: तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज १,६६७. त्यातून पुढं जगभर पसरलेली 'नॅनोरायमो' ही संस्था बंद होत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, तरी लोक आपापले आकडे लावून बसतातच. मीही एकदा बसलो. १ नोव्हेंबर हा बेळगावात टेबलाशी बसून लिहायचा दिवस नव्हे. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी, रस्ते अडवलेले, आणि घरात बसलेल्याच्याही कानावर दोन्हीकडचे ढोल. पहिल्याच दिवशी १,६६७ ची उधारी. शिवाय हा आकडा इंग्रजीच्या मापाचा. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत तेवढ्यालाच सहा-सात लागतात. मराठीत पन्नास हजार म्हणजे बरीच जाड कादंबरी होते, हे मला अठराव्या दिवशी उमगलं. तोवर मनगट गेलं होतं.

कवितेचं थोडक्यात सांगतो. एप्रिलभर रोज कविता ही चाल २००३ मध्ये एका अमेरिकन कवयित्रीनं सुरू केली. माझ्या तीसपैकी चार उरल्या. अष्टाक्षरी असेल तर गाडीवरून जाता-येता जुळते, टेबल लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. दुसरा फायदा आपल्या मुलखातला. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर असं गावोगाव संमेलन असतं, त्यात कविसंमेलन असतं, आणि मंडपात शेतातनं परस्पर आलेली माणसं बसलेली असतात. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इथं संमेलन म्हटलं की नुसती साहित्याची हौस नसते, घरचं कार्य असल्यासारखी गर्दी होते. फोनवर पन्नास अंगठे मिळवलेली माझी एक कविता त्या मंडपात शेंगा फोडण्याच्या आवाजात विरली. दुसरी, जी मी भीत भीत काढली होती, तिला एक म्हातारा 'पुन्यांदा' म्हणाला. एवढं मोजमाप मला वर्षाला पुरतं. कविता रोज करायची गोष्ट नाही, निदान माझ्यासाठी तरी.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लागला ती सांगतो.

माझी कादंबरी मागवाल्यांच्या घरावर आहे. वडगावात आज्जीच्या घरी चार यंत्रमाग होते. माडीखाली दिवसभर खटखटाट, भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. त्या आवाजात आज्जी दुपारी गाढ झोपायची. मध्येच लाईट गेली की अख्खी गल्ली एका क्षणात गप्प व्हायची, आणि आज्जी दचकून उठायची. उठली की पहिला प्रश्न, "कोण गेलं?" कुणीतरी आतून सांगायचं, "लाईट गेली, आज्जी." मग पुन्हा आडवी.

कादंबरीत हा प्रसंग मी उशिरा आणणार होतो. माग भंगारात विकले जातात, टेम्पो निघून जातो, आणि त्या रात्री घर असं शांत होतं की म्हातारी झोपेतनं उठून बसते आणि तेच विचारते. आता उत्तर काय द्यायचं ते कुणाला कळत नाही. तिथवर वाचणाऱ्याला न्यायचं म्हणून मागची सगळी पानं.

एका गुरुवारी ग्रुपवर विषय पडला: 'शांतता'. दिवस सोसायटीच्या ऑडिटचा. साडेआठ वाजले, मुदतीला अर्धा तास, आणि साखळी तुटू द्यायची नाही ही ईर्षा. दोनशे सहा दिवस न चुकता लिहिलं होतं. हाताशी होती ती आज्जी काढली, शंभर शब्दांत बसवली, आठ बावन्नला टाकली. एकसष्ट अंगठे आले, दोघी-तिघींनी रडके चेहरे पाठवले. मी खूश होऊन जेवलो.

चार महिन्यांनी कादंबरीत त्या जागी पोचलो. लिहायला बसलो तर तीच शंभर शब्दांची शतशब्दकथा बाहेर आली, त्याच क्रमानं, शेवटच्या त्याच ठोक्यासकट. आज्जी काय पांघरून झोपलीय, टेम्पोवाला पैसे मोजताना कुणाकडं बघत होता, काही दिसेना. जुनी घडी पडलेलं कापड कसंही झटकलं तरी त्याच रेघेवर मोडतं, तसं. सात सकाळी मी त्या पानाशी झटलो.

मग एका रविवारी ग्रुपवर टाकलेलं सगळं काढून लाल पेन्सिलीनं खुणा करत बसलो. एकोणीस ठिकाणी कादंबरीतला माल सापडला: धोट्यानं बोट फुटलेला चुलता, कांड्या भरता भरता अभ्यास करणारी बहीण, सुताच्या उधारीवरून झालेलं भांडण. आपल्याकडचा भात पिकवणारा पोटाला चिमटा घेईल, खरं बियाणाच्या पोत्याला हात लावणार नाही. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) मी ते पोतं मुठीमुठीनं रिकामं करत होतो आणि वर प्रमाणपत्रं घेत होतो.

विषय देणाऱ्यांचा यात काही दोष नाही. कुणाचा साठा मोठा असेल, कुणाला एकच प्रसंग दहा वेळा ताजा लिहिता येत असेल. मला येत नाही, एवढंच.

फोटोचं मात्र उलटं झालं, आणि हे मला अनपेक्षित होतं. फोटो काढला म्हणून प्रसंग संपत नाही, उलट राखून राहतो. २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम आला आणि बाजारातल्या पाट्या भराभर उतरू लागल्या. खडेबाजारात एका दुकानाची पत्र्याची पाटी काढली तर मागून जुनी लाकडी पाटी निघाली. ब्रशनं काढलेली अक्षरं, 'ळ'चं शेपूट खाली वेलीसारखं वळवलेलं, रंगाऱ्यानं कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलेलं, अर्धं उडालेलं. मी फोटो घेतला आणि ऑफिस गाठलं. वर्षानं तो उघडला तेव्हा त्या रंगाऱ्याचं एक अख्खं प्रकरण झालं. त्यावर चारोळी केली असती तर भाषेच्या दुःखाच्या चार ओळी झाल्या असत्या आणि रंगारी गेला असता.

फोटोला दोष नाहीत असं नाही. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात रविवारी फोटोला जायचं म्हणजे कादंबरीचा रविवार गेला, वर पायाला जळवा. म्हणून मी नियम केला की फोटोसाठी मुद्दाम कुठं जायचं नाही. शहापुरातनं कॅम्पात जाता-येता जे दिसेल ते, एकच, फोनवर. जून ते सप्टेंबर ढगामुळं उजेड मऊ असतो, सावल्या चेहरा खात नाहीत, ओल्या तांबड्या मातीला रंग चढतो. तुमच्याकडं चांगला कॅमेरा असेल तर आणखी बरं, माझं फोनवर भागतं.

सध्या माझं असं चाललंय. पहाटे सव्वापाच ते सव्वासहा कादंबरी, वहीत, एक पान. पान म्हणजे दीड-पावणेदोनशे शब्द, त्याहून जास्त झाले तर वाईट वाटून घेत नाही. तोवर फोनचा नेट बंद, कारण ग्रुपवरचं काही कानावर पडलं की डोकं त्याच्या मागं लागतं. दिवसात एक फोटो आणि त्याखाली एक ओळ. कविता आली तर आली, डिसेंबरला मंडपात विचारतील तेव्हा बघू. घरी आवाज फार झाला तर रविवारी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो. ते १८४८ पासून आहे, माझ्या एका रखडलेल्या प्रकरणानं त्याला काही फरक पडत नाही.

तुमच्याकडं अजून मोठं काही शिजत नसेल तर रोजचा विषय घ्या, मजा येते, माणसंही भेटतात. शिजत असेल तर जरा जपून. दोन्ही करायचंच असेल तर ज्यावर कादंबरी लिहिताय त्याला सोडून बाकी सगळ्या जगावर ग्रुपमध्ये लिहा.

ग्रुप मी सोडलेला नाही, म्यूट करून ठेवलाय. परवा सहज उघडला तर विषय होता 'धागा'. हात शिवशिवले. मग आमच्या वायरीत संक्रांतीपासून अडकलेल्या पतंगाच्या मांज्यावर चार ओळी टाकल्या. मागावरचं सूत दिलं नाही.