आधी कोणतं घ्यावं, ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ की ‘द आर्टिस्ट्स वे’?

‘लिहायचंय’, ‘चित्रं काढायचीत’, ‘पेटी पुन्हा सुरू करायचीय’ असं वर्षानुवर्षं घोकणाऱ्यांना मी पूर्वी ही दोन्ही पुस्तकं एकदम घ्यायला सांगत असे. ती चूक होती. दोन्ही घेणारा माणूस दोन्ही अर्ध्यावर सोडतो आणि वर ‘असली पुस्तकं वाचून काही होत नसतं’ असं सांगत फिरतो. दोन्ही पुस्तकं स्वतःला सुधारण्याच्या फडताळातलीच, पण दोघांनी धरलेलं दुखणं वेगळं आहे. त्यामुळे आपलं दुखणं कोणतं, ते आधी पाहावं लागतं.

जेम्स क्लिअर यांचं ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ 2018 सालचं. मराठी अनुवाद आहे, दोन रविवारांत वाचून होतं. ज्युलिया कॅमेरॉन यांचं ‘द आर्टिस्ट्स वे’ 1992 सालचं. मी ते इंग्रजीतच वाचलं. ते नुसतं वाचून होत नाही, कारण तो 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. सुरुवातीलाच स्वतःशी लेखी करार करून सही करायची, आणि आठवड्याचे सात ते दहा तास बाजूला काढायचे. नोकरी, घर आणि दहावीतलं मूल सांभाळणाऱ्या माणसाने हा आकडा वाचून पुस्तक परत ठेवलं, तर मी त्याला दोष देणार नाही.

क्लिअर यांचं म्हणणं चार सूत्रांत बसतं. सवय डोळ्यांसमोर हवी, हवीहवीशी वाटायला हवी, सोपी हवी आणि केल्याबरोबर समाधान देणारी हवी. यातलं तिसरं खरं कामाचं. नवी सवय सुरुवातीला दोन मिनिटांत उरकेल एवढी छोटी करा, असं ते सांगतात. म्हणजे ‘रोज रेखाटन’ नव्हे, तर ‘वही उघडून पेन्सिलीला टोक काढणं’. आणि नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधा: चहाचं आधण ठेवलं की वही उघडायची. वाचताना हे पोरकट वाटतं. पण चहा आपल्याकडे चुकत नाही, त्यामुळे वहीही चुकत नाही.

कलेच्या बाजूने या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठातला एक किस्सा. जेरी युल्समन या प्राध्यापकांनी फोटोग्राफीच्या वर्गाचे दोन गट पाडले. एका गटाला गुण मिळणार होते ते किती फोटो काढले त्यावर. दुसऱ्याने सत्रभरात एकच फोटो द्यायचा, पण तो निर्दोष हवा. शेवटी उत्तम फोटो निघाले ते पहिल्या गटातून. दुसरा गट निर्दोष फोटो कसा असावा याची चर्चा करत बसला होता. ‘सुचलं की लिहीन’ म्हणणाऱ्याने एवढी दोन पानं वाचली तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

पुस्तक कमी पडतं ते पुढे. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षात माणूस सुमारे 37 पटींनी सुधारतो, हे त्यातलं गणित फार गाजलं. 1.01चा 365वा घात तेवढा येतो, यात वाद नाही. पण काल लिहिलेल्या कवितेपेक्षा आजची एक टक्का बरी, हे मोजणार कोण? रियाजाला, व्यायामाला, भाषा शिकायला क्लिअर चोख आहेत. ‘काय लिहू’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. मी त्यांच्या पद्धतीने कॅलेंडरवर फुल्या मारत 70 दिवस लिहिलं. फुल्यांची साखळी सुरेख दिसत होती. लेख मात्र सगळे एकाच साच्यातले, कारण साखळी तुटू नये म्हणून मी रोज जे जमतं तेच लिहीत होते.

जाता जाता एक गोष्ट सांगते. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे वाक्य घरोघर पोचलं आहे, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागल्याचं दिसलं, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. क्लिअरही दिवस मोजण्यापेक्षा पुन्हा पुन्हा करण्यावर भर देतात.

आता कॅमेरॉन. त्यांची मुख्य साधनं दोनच. पहिलं, सकाळी उठल्याबरोबर हाताने तीन पानं लिहायची. सुचेल ते, भाजी संपल्याचंसुद्धा. ती कुणाला दाखवायची नाहीत, आणि पहिले काही आठवडे स्वतःही वाचायची नाहीत. (‘दिसामाजी काही तरी ते लिहावे’ हे समर्थांचं म्हणून आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतंच. पण तिथे कुणी ‘कचरा लिहिला तरी चालेल’ असं सांगत नाही. कॅमेरॉन सांगतात, आणि सुटका त्यातच आहे.) दुसरं, आठवड्यातून एकदा एकटीने कुठेतरी जायचं, मन रमेल अशा ठिकाणी. मी पुण्यातल्या जुन्या बाजारात जायचे, नाहीतर केळकर संग्रहालयात. तीन पानांपेक्षा हे अवघड गेलं. बाईमाणूस काम नसताना दोन तास एकटी बाहेर निघाली की घरात ‘एकटीच? कुठे?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याला सांगण्यासारखं उत्तर आपल्याकडे नसतं.

या पुस्तकातला देव काहींना खुपतो. कॅमेरॉन दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या लेखिका. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाचा ठसा पुस्तकावर स्पष्ट आहे, आणि देव तिथूनच आला आहे. अभंग ऐकत वाढलेल्या वाचकाला त्याचं फारसं वावडं नसावं. मला अवघडल्यासारखं झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. ‘मी प्रतिभावान आणि भरपूर निर्मिती करणारी लेखिका आहे’ अशी वाक्यं पुन्हा पुन्हा लिहायला लावतात. मराठीत लिहून पाहा, कान लाल होतात. पण खरा व्यायाम पुढे आहे. ते वाक्य लिहिताना आतून जी उलट उत्तरं येतात (‘कोण वाचणार?’, ‘आधी घरातलं बघ’), ती टिपून ठेवायची आणि तो आवाज मूळ कुणाचा, हे शोधायचं. माझ्या यादीतल्या पाचपैकी तीन वाक्यांना चक्क माझ्या आत्याचा सूर होता. हे कळल्यावर कथा आपोआप लिहून झाली नाही. पण खोडरबर हातातून सुटला.

चौथ्या आठवड्यात आठवडाभर वाचन बंद ठेवायला सांगितलं आहे. 1992 साली ते पुस्तकं आणि वर्तमानपत्रांपुरतं होतं. आज मोबाइल धरला नाही तर त्याला अर्थ नाही. मी पहिल्या खेपेला इथेच सोडलं. आणखी एक सांभाळा: रोज मनातलं उपसताना नुकतंच झालेलं मोठं दुःख वर येऊ शकतं. तसं झालं तर पुस्तक मिटून समुपदेशकाकडे जावं.

मग कोणतं घ्यायचं? गेल्या महिन्यातला एक मोकळा तास आठवा. त्या तासात तुम्ही वहीपाशी गेलाच नसाल, रील्समध्ये किंवा कपड्यांच्या घड्यांमध्ये तो संपला असेल, तर क्लिअर. बसलात, चार ओळी लिहून खोडल्यात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठलात, तर कॅमेरॉन. पाळ्यांची नोकरी किंवा घरात तान्हं मूल असेल तर सध्या क्लिअरच. तीन पानांचा हट्ट धरू नका. वर्तमानपत्रात, जाहिरातीत रोज लिहिणाऱ्यांना शिस्त शिकवायची गरज नसते. त्यांचा झरा आटलेला असतो, त्यांनी थेट कॅमेरॉन घ्यावं. आणि तबला किंवा गाणं नव्याने शिकायचं असेल तर आधी गुरू शोधा, रियाज टिकवण्यापुरते मग क्लिअर आहेतच.

कॅमेरॉन निवडलंत तर तीन पानं गुणिले 84 दिवस म्हणजे 252 पानं होतात. दोनशे पानी वही अकराव्या आठवड्याच्या आतच संपते, म्हणून सुरुवातीलाच दोन आणा. आणि मोठ्या आकाराच्या आणा. शाळकरी छोट्या वहीत तीन पानं फार लवकर भरतात. मी पहिला महिना तशीच फसवाफसवी केली होती.