मर्तिकाच्या सामानाचं दुकान: चार वेळा जाऊन आल्यावर

अशा दुकानाबद्दल लिहावं की नाही, या विचारात दोन महिने गेले. मुलगी म्हणाली, "हॉटेलातल्या शिऱ्यात तूप कमी होतं यावर तू दोन पानं लिहितेस, मग याच्यावर लिहायला काय झालं?" म्हणून लिहितेय.

माझं आयुष्य जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात गेलं. दवाखान्यात गेलेल्याचा नमुना ४, घरी गेलेल्याचा ४-अ, २१ दिवसांच्या आत नोंद, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण आई गेली त्या रात्री तिरडीला काय काय लागतं ते मला सांगता येईना. आमच्या कागदावर सगळे नुसते 'मयत' असायचे. कागदाच्या बाहेर प्रत्येकाचं मरण वेगळं बांधलेलं असतं, हे या दुकानात कळलं.

दुकान सोलापुरात, पूर्व भागात. पाटी हातानं रंगवलेली, 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल', आणि खाली तेच तेलुगूत. बाहेर बांबू उभे, आत फळ्यांवर मडकी, कापडाचे तागे, गोवऱ्यांची पोती. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कन्नड, दखनी, जसं गिऱ्हाईक येईल तसं.

आई रात्री दीडला गेली, घरीच. भाऊ पुण्याहून निघाला होता. पुतण्याला सामानाला पाठवलं तर तो "काय काय आणू?" विचारायला जिन्यावरून परत आला. शेवटी मीच गेले. बाईमाणूस अपरात्री मर्तिकाच्या दुकानात आली म्हणून अण्णांनी तोंड वाकडं केलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "अक्का, पद्धत कशी तुमची? अग्नी का माती?" आडनाव नाही, जात नाही. मग विचारलं, "सवाष्ण गेल्या का?" मी म्हटलं, नाही, बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण लुगडं हिरवंच द्या, तिला हिरवा रंग आवडायचा. त्यांनी काही न बोलता हिरवं काढलं.

सामानाची बांधणी हे या दुकानाचं खरं कसब. लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, वर पसरायला कडबा, हे एकीकडे. बाकीच्या चार पुड्या, आणि प्रत्येकीवर खडूच्या अक्षरात चिठ्ठी: 'घरी', 'विसाव्याला', 'सरणावर', 'तिसऱ्याला'. 'घरी'मध्ये गुलाल, बुक्का, तुळस, कापूर. विस्तवाचं छोटं मडकं आणि ते धरायचं शिंकाळं वेगळं. 'तिसऱ्याला' म्हणजे राख सावडायच्या दिवसाचं. ज्याला काहीच माहीत नाही त्यानं चिठ्ठ्या वाचत जावं, चुकणार नाही. विसाव्याला तिरडी खाली ठेवून खांदेकऱ्यांनी पुढचे मागे, मागचे पुढे व्हायचं, हेही अण्णांनी पुतण्याला रस्त्यावर उभं राहून करून दाखवलं. आणि बजावलं, "मडक्याला भोक पाडायचा खडा, तो अश्मा, फेकू नका. दहाव्यापर्यंत लागतो." पुतण्यानं तो खडा दहा दिवस बॅटरीच्या रिकाम्या डबीत जपला. दहाव्याला कावळा पाऊण तास आला नाही, ते अण्णांच्या हातात नव्हतं.

आता तक्रार. 'सरणावर'च्या पुडीत चंदनाचा म्हणून जो तुकडा होता, तो चंदनाचा असेल तर मी कलेक्टर. वरून अत्तर चोळलेलं साधं लाकूड. त्याचे वेगळे अडीचशे लावले. रात्रीचे तीनशे जास्त पडतात, तेही आधी सांगितलं नाही, हिशेब करताना कळलं. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. अशा दुकानात कुणी घासाघीस करत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दुसरी खेप वरच्या मजल्यावरच्या काकांसाठी. हे लिंगायत. पहाटे काकूंचा फोन आला, मी अण्णांना लावला. त्यांनी विचारलं, "किती वाजता गेले?" मला वाटलं दाखल्यासाठी विचारतायत. तसं नव्हतं. लिंगायतांत देह बसवून नेतात आणि बसलेलाच पुरतात. अंग आखडलं की मांडी घालता येत नाही. अण्णा फोनवर म्हणाले, "अक्का, सामान राहू दे, आधी भिंतीला टेकवून मांडी घालून बसवा, धोतरानं बांधून ठेवा, मी येतोच." चाळीस मिनिटांत अण्णांचा मुलगा लाकडी बैठक घेऊन हजर. तिला ते विमान म्हणतात. सोबत विभूती, बेलाची पानं, झेंडूच्या माळा. तिरडीचं सामान नाही, मडकं नाही. जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, आले, काकांच्या डाव्या तळहातावर त्यांचं इष्टलिंग ठेवलं. गळ्यात आयुष्यभर बाळगलेलं, तेच.

त्या दिवशी सोसायटीतल्या एका बाईंनी मला कोपऱ्यात विचारलं, "काकू स्वयंपाकघरात कशा? सुतक नाही का?" बाराव्या शतकात बसवण्णांनी जी पाच सुतकं मोडीत काढली त्यात मरणाचं सुतकही होतं, हे तिथं उभ्या उभ्या काय सांगणार? काकूंनी केलेला चहा मी दोनदा घेतला, तेवढंच.

या खेपेला पैसे वाजवी घेतले. विमान भाड्यानं असतं, परत न्यायला मुलगाच येतो.

तिसऱ्या खेपेला मी गिऱ्हाईक नव्हते, नुसती सोबत. शेजारच्या भाभींच्या सासूबाई गेल्या, घरातले पुरुष कब्रस्तानात खोदकामाचं बघायला गेलेले, म्हणून कफनाला भाभी आणि मी. इथं मी तोंडघशी पडले. पुरुषाचं आणि बाईचं कफन वेगळं असतं याचा मला पत्ताच नव्हता. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच: इजार म्हणजे आतली चादर, कुर्ता, ओढणी, सीनाबंद म्हणजे छातीवरून बांधायचं कापड, आणि सगळ्यावरून गुंडाळायची मोठी चादर, तिला लिफाफा म्हणतात. शिवलेलं काहीच नाही. अण्णांनी उंची विचारली, पांढऱ्या सुती ताग्यातून पाचही तुकडे स्वतः मोजून फाडले आणि घडी घालताना सगळ्यात वर जो आधी लागतो तो ठेवला. कापूर दिला, अत्तर दिलं. मग आतून एक कागदी पिशवी आणली, तिच्यात बोरीचा पाला. गुस्लच्या, म्हणजे मयताच्या शेवटच्या अंघोळीच्या, पाण्यात घालतात. मी इतकी वर्षं बोरी बघतेय, बोरंच खात आले.

हार घ्यायला निघाले तर अण्णांनीच थांबवलं, "अक्का, तिकडं हाराचं काम नाही." भाभी भिडस्त, त्या बोलल्या नसत्या. गुस्ल घरातल्या बायकांनीच घातला, मी दाराबाहेर पाण्याच्या बादल्या पुढं सरकवत होते. नंतर भाभींचा दीर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "असर के बाद मिट्टी है." म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर दफन. आमच्याकडंही जाळायचं असलं तरी लोक 'मातीला जाऊन आलो' असंच म्हणतात. आणि ज्या 'मयत' शब्दाचे मी आयुष्यभर शिक्के मारले तो मूळचा अरबी, हे मला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

चौथी खेप माझ्या जुन्या सहकारी बाईंची. एकाच टेबलावर आम्ही चौदा वर्षं डबे खाल्ले. त्या बौद्ध. सामान सोपं: पांढरं वस्त्र, पांढरी फुलं, मेणबत्त्या, उदबत्ती. अण्णांनी तीळ-दर्भाची पुडी स्वतःहून बाजूला ठेवली. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, अशी एक आहे. अण्णांना प्रतिज्ञेचा आकडा माहीत नसेल, पुडी द्यायची नाही हे माहीत होतं.

घोटाळा केला तो मुलानं. दुकानातर्फे फ्लेक्सही करून मिळतो. त्याच्या कॉम्प्युटरवर एक ठरलेला नमुना आहे, त्यात फक्त फोटो आणि नाव बदलायचं. फ्लेक्स आला तर वर 'कै.' आणि खाली 'स्वर्गवासी'. बाईंची मुलगी पाहून गप्पच बसली. मग हळूच म्हणाली, "मावशी, माझी आई कैलासावरही गेली नाही आणि स्वर्गातही नाही." बौद्धांत 'कालकथित' लिहितात, आणि नंतरच्या कार्यक्रमाला 'पुण्यानुमोदन'. ज्या घरात जयंतीच्या पत्रिकेतला एकेक काना तपासला जातो, तिथं हा फ्लेक्स. मी तो गुंडाळून रिक्षात घालून परत नेला.

अण्णा मुलावर ओरडले नाहीत. फळीमागची एक जाड वही काढली. त्यांच्या हातचं लिहिलेलं: लिंगायत असतील तर लिंगैक्य, वारकरी असतील तर वैकुंठवासी, मुसलमानांना पैगंबरवासी किंवा मरहूम, ख्रिश्चनांना ख्रिस्तवासी, बौद्धांना कालकथित. खाली लाल शाईत: 'घरच्यांना विचारून मगच.' ही ओळ मुलानं वाचलीच नव्हती. दोन तासांत नवा फ्लेक्स आला, पैसे घेतले नाहीत. तरी म्हणते, ती वही कॉम्प्युटरशेजारी टांगा. विधवेच्या नावाआधी लावतात ते 'गं. भा.' त्या नमुन्यातून कायमचं काढा, हेही सांगून आले. आईच्या वेळी ते मला स्वतः खोडायला लागलं होतं.

ख्रिस्ती मयतासाठी इथं येऊ नका. शवपेटी ठेवत नाहीत, जागा नाही म्हणतात. करणाऱ्याचा नंबर देतात, पण पेटी मापाची करून घ्यायला वेळ जातो, त्यामुळे सरळ चर्चमध्येच विचारलेलं बरं. गुलालही अगदी हलक्या प्रतीचा आहे, हाताला लागला की दोन दिवस निघत नाही.

पाचपैकी चार तारे. एक चंदनाचा कापला. फ्लेक्सचा कापणार होते, पण वही पाहून ठेवला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दुपारी शटर खाली असलं तरी वाजवा, मुलगा वरच राहतो. आणि सामान घेऊन निघताना सवयीनं "येते हं" म्हणू नका. मी चौथ्या खेपेला म्हणून बसले. अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि वळून मडकी पुसायला लागले.