दोन देश, एक किनारा: केरळ-श्रीलंका की थायलंड-मलेशिया?

गोव्यात राहून समुद्र बघायला परदेशी कशाला जायचं, असं घरातलं कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्या गाळ घेऊन दर्यात उतरतात, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर कमरेभर पाण्यात उभं राहून स्वतःची पावलं दिसणं कठीण. मुलांना काठाजवळच प्रवाळ आणि रंगीत मासे दाखवायचे असतील, तर बाहेर पडावं लागतं. शिवाय सहलीत मध्येच सीमा ओलांडली की तोच माड, तोच भात, तीच मासळी पुढे कशी वेगळी होत जाते, हे मुलांना न सांगता कळतं.

गोव्याहून असे दोन मार्ग चांगले जमतात. पहिला: मडगावहून रेल्वेने कोची, मग आलप्पुळा, वर्कला, तिरुवनंतपुरम, तिथून विमानाने कोलंबो आणि पुढे गॉल, उनवटुना, मिरिसाचा दक्षिण किनारा. दुसरा: थायलंडमधलं क्राबी, को लांता, को लिपे, लिपेहून बोटीने मलेशियाचं लंगकावी आणि शेवटी पेनांग. पहिल्याला आठ-नऊ दिवस पुरतात. दुसऱ्याला दहा-अकरा तरी हवेत, त्याहून कमी दिले तर निम्मी सुट्टी धक्क्यांवर बोटीची वाट बघण्यात जाते.

आधी महिना बघा

माझ्या मते निवड इथेच निम्मी होऊन जाते. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा आणि थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनारा, दोन्हींवर आपलाच नैऋत्य मोसमी पाऊस येतो. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दोन्हीकडे पाणी खवळलेलं असतं. थायलंडमधली सिमिलनसारखी सागरी उद्यानं या काळात बंदच ठेवतात. लिपे-लंगकावी बोटही हंगामी आहे, पावसात ती सुटत नाही. गोव्यातल्या शाळांना मोठी सुट्टी मेमध्ये, म्हणजे नेमकी हंगाम मिटताना. दहा दिवसांच्या बोटप्रवासाचे पैसे अशा वेळी गुंतवू नयेत.

श्रीलंकेला मात्र दुसरी बाजू आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्य किनारा भिजत असतो तेव्हा डोंगरांच्या पलीकडचा पूर्व किनारा कोरडा आणि शांत असतो. त्रिंकोमालीजवळचं निलावेली, उप्पुवेली आणि समोरचं पिजन आयलंड यांचा हंगाम हाच. कोलंबोहून रस्त्याने सहा तासांच्या आसपास लागतात. मध्ये दांबुल्ला किंवा सिगिरियाला एक मुक्काम केला तर मुलं कंटाळत नाहीत. मेमध्ये जायचं असेल तर केरळचा भाग कोचीपुरता आटोपता घ्या, कारण तिथे पाऊस 1 जूनच्या सुमारास येतो आणि वळीव त्याआधीपासूनच पडतात.

त्रिंकोमालीला कोणेश्वराचं देऊळ चुकवू नका. कडा थेट समुद्रात तुटलेला, खाली निळंशार पाणी, वर शिवाचं देऊळ, आणि तिथे जायचं ते जुन्या किल्ल्याच्या दारातून, हरणांच्या कळपांमधून. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. मंगेशी आणि शांतादुर्गा पोर्तुगीज काळात मूळ गावांतून फोंड्याकडे कशा आल्या हे ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं, तिथल्या आजीला या कड्यावर काही समजावून सांगावं लागणार नाही. मेमधल्या पौर्णिमेला श्रीलंकेत वेसाक, म्हणजे बुद्धपौर्णिमेचा सण, असतो. रस्तोरस्ती कंदील लागतात आणि मांस-दारूची विक्री बंद असते. तारखा ठरवताना हे लक्षात असू द्या.

गोव्यातल्या बऱ्याच घरांची अडचण शाळेपेक्षा वेगळी आहे. शॅक, टॅक्सी, होमस्टे यांवर घर चालतं, तिथे डिसेंबर ही कमाईची वेळ. नाताळात कुठेही जाता येत नाही. अशांना मोकळीक मिळते ती मेअखेरीपासून चवथीपर्यंत. त्यांच्यासाठी श्रीलंकेचा पूर्व किनारा हेच उत्तर. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर मिन्नेरियाच्या तलावाकाठी जमणारे हत्तींचे कळपही बघायला मिळतात. मुलांची शाळा चार दिवस बुडाली तरी चालेल, असं मला वाटतं.

थायलंडचीही दुसरी बाजू आहे. सामुईकडचा आखाती किनारा या महिन्यांत बराच कोरडा असतो. पण तिथून जमिनीच्या वाटेने मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरायचं तर पट्टनी, याला, नराथिवात हे प्रांत लागतात. तिथे 2004 पासून सशस्त्र संघर्ष चालू आहे. मुलाबाळांना घेऊन ती वाट नको.

दिवाळीची सुट्टी दोन्ही मार्गांना कमकुवत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात तुलावर्षाचा, म्हणजे ईशान्य मोसमी, पाऊस, कोलंबो-गॉलला दुपारनंतर गडगडाट, पेनांगलाही सरी. नाताळ ते फेब्रुवारी दोन्ही मार्ग उत्तम, फक्त भाडी चढलेली.

गुडघे आणि बोटी

महिना जमला की घरातल्या ज्येष्ठांचे गुडघे बघा. लिपेला धक्का नावापुरता आहे. स्पीडबोट किनाऱ्यापासून दूर तरंगत्या फलाटाला लागते, तिथून सामान घेऊन लांबशेपटी होडीत उतरायचं, होडी वाळूजवळ आली की शिडीवरून गुडघाभर पाण्यात. क्राबीच्या रायलेला तर रस्ताच नाही, बोटीनेच जावं लागतं, आणि ओहोटीला होडी बरीच अलीकडे थांबते. मग पिशव्या डोक्यावर घेऊन पाण्यातून चालायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना यात प्रचंड मजा येते. सत्तरीतल्या आईला येणार नाही. लिपेहून निघताना पासपोर्ट तिथल्या छोट्या कचेरीत जमा होतात आणि लंगकावीला उतरल्यावर हातात मिळतात. ते आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या तासभर पुढे असतं, पुढचं विमान धरायचं असेल तर तो तास हिशेबात धरा.

आजी-आजोबांना घेऊन याच मार्गाने जायचं झालं तर लिपे वगळा. को लांताला गाडी फेरीवर चढून थेट हॉटेलच्या दारात जाते. लंगकावी आणि पेनांगला विमानतळ आहे, दोन्हींमध्ये विमानाला अर्ध्या तासाहून थोडंच जास्त लागतं. पण लिपे गेलं की या मार्गाचा अर्धा जीव जातो, हेही तितकंच खरं.

श्रीलंकेत हा प्रश्नच येत नाही. चालकासह गाडी पूर्ण प्रवासासाठी ठरवायची पद्धत तिथे रुळलेली आहे. वाटेत शहाळं, बाथरूम, देऊळ, हवं तिथे थांबा. एक टप्पा मात्र मुद्दाम रेल्वेने करा: कोलंबो फोर्ट ते गॉल. रूळ कित्येक ठिकाणी पाण्याला इतके लगटून जातात की उघड्या दारातून लाटेचे तुषार येतील असं वाटतं. समुद्राकडची, म्हणजे जाताना उजवीकडची खिडकी पकडा.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

नितळ पाण्यात थायलंड सरस आहे, यात वाद नको. कोरड्या महिन्यांत लिपेभोवतीचं पाणी तळ्यासारखं असतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला लाटा जोरदार. लहान मुलांना उनवटुनाचा आडोसा किंवा मातराजवळचं पोल्हेना बरं. हिक्कडुवाला गुडघाभर पाण्यात कासवं येतात. मिरिसाहून डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे बघायला बोटी जातात, पण उघड्या दर्यातले ते चार-पाच तास आहेत. बोट लागणाऱ्याला हट्टाने नेऊ नका. थायलंड-मलेशियाच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश अधूनमधून येतात. काही थाय किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते, ती कुठे आहे ते पोहण्याआधी बघून ठेवा.

ताट

केरळ-श्रीलंकेत गोवेकराला परकं वाटत नाही. आपण हुमणात सोलं घालतो, केरळात कुडमपुळी, श्रीलंकेत गोरका. कुडमपुळी आणि गोरका एकच, आपल्या भिंडाचं, म्हणजे कोकमाचं, भावंड. सोमवारी शिवराक जेवणाऱ्यालाही भात, डाळ, नारळाचा संबोल, इडियाप्पम कुठेही मिळतं. कोचीच्या मट्टान्चेरीत गोव्यातून गेलेल्या सारस्वतांची वस्ती आहे. चेर्लायच्या तिरुमल देवळाच्या आवारात आजीने कोकणीत बोलायला सुरुवात केली तर समोरून कोकणीतच उत्तर येण्याची शक्यता दाट आहे. मला तरी हा मार्ग घेण्याचं हेच मोठं कारण वाटतं.

थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं पूर्ण शाकाहारी, पण छोट्या बेटांवर ती शोधावी लागतात. पेनांगला पोचलं की चिंता मिटते: जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर तमिळ जेवण, मुलांना रोटी चनाई.

पैसे आणि कागद

केरळ-श्रीलंका स्वस्त पडतं, कारण अर्धा प्रवास देशातच, रेल्वेने, आणि परकं चलन एकच. फेब्रुवारी 2024पासून श्रीलंकेत यूपीआयही सुरू झालं आहे. दुसऱ्या मार्गाला बात आणि रिंगिट अशी दोन चलनं, प्रत्येक बोटीचं वेगळं तिकीट, सागरी उद्यानांची वेगळी फी. मलेशियाने डिसेंबर 2023पासून आणि थायलंडने नोव्हेंबर 2023पासून भारतीय पासपोर्टला बिनव्हिसा प्रवेशाची सवलत सुरू केली. अशा सवलती सरकारं बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी त्या-त्या सरकारचं संकेतस्थळ बघा. दोन्ही देशांची ऑनलाइन आगमनपत्रं तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवाना, आधी काढा.

घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्या व्यक्तीचे व्हिसाचे नियम आणि शुल्क वेगळे असतात, ते स्वतंत्र तपासा. परतीसाठी तिचं ओसीआय कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नाही. आणि सगळ्यांच्याच पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक आहे ना, हे हॉटेलं शोधण्याआधी बघून घ्या. लहान मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात.